गॅरेजपुढची चिकणमाती

आमचं घर बांधून झालं त्या उन्हाळ्यात आत सगळं तयार होतं आणि बाहेर नुसता चिखल होता. जर्मनीतल्या नेकारसुल्मपासून वीस मिनिटांवर, एका गावाच्या कडेला नवीन वसाहत पडली होती. पूर्वी तिथे बीटाचं शेत होतं. आत नवं किचन, नवे पडदे, आणि रस्त्यापासून दारापर्यंत बिल्डरने टाकून दिलेल्या तीन फळ्या. ऑफिसला जाताना मी बूट हातात घेऊन, जुन्या चपला घालून त्या फळ्यांवरून जायचे आणि गाडीपाशी बूट घालायचे. शेजाऱ्यांची अंगणं एकेक करून फरसबंद होत होती. आमचंच राहिलं होतं, आणि ते मला फार लागायचं.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. एखादा भाग खराब निघाला की तो कुणाच्या चुकीने खराब निघाला हे शोधायचं आणि लिहून काढायचं, हे माझं काम. पुरवठादार फोनवर काहीही सांगो, मी एकच विचारते: हे कुठे लिहिलंय का? कुणाची सही आहे का? पंधरा वर्षं तेच केल्यामुळे ही वाक्यं तोंडात बसली आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्यासाठी मला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

त्या वर्षी माझे सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा साताऱ्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. टीव्हीत त्यांना रस नव्हता. कुणी काही दुरुस्त करत असलं की मात्र ते तास न् तास उभे राहत. वास्तुशांत ते असतानाच करायची असं ठरलं. पुण्याच्या गुरुजींनी ऑगस्टमधला एक रविवार काढून दिला. ते व्हिडिओवरून सांगणार आणि आम्ही करणार. अडचण एकच होती. घरात हवन केलं तर छतावरचे धुराचे अलार्म बोंबलले असते. म्हणून हवन बाहेर, गॅरेजपुढे करायचं. म्हणजे तोवर तिथे फरशी हवी. चाळीस माणसं येणार होती, त्यात माझा बॉस आणि त्याची बायको.

फरसबंदीचं काम जवळच्याच एका लहान फर्मला दिलं. आमच्याकडे जो माणूस आला तो पन्नाशीचा, रोमानियाहून आलेला, बुटका आणि रुंद. गुडघ्यांना रबरी गाद्या बांधून तो दिवसभर ओणवा असायचा. बरोबर खणायचं छोटं यंत्र होतं, तेही तोच चालवायचा. त्याचं जर्मन तुटक होतं. मीही पहिली काही वर्षं ऑसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसा कचेरीच्या, खिडकीपाशी तसंच बोलायचे, आणि काचेपलीकडची बाई मुद्दाम भरभर बोलायची. त्या बाईचा चेहरा मला अजून आठवतो. तो मला ‘शेफिन’ म्हणायचा, म्हणजे मालकीणबाई.

बाबांची आणि त्याची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. बाबा त्याला ‘मिस्त्री’ म्हणत, तो बाबांना ‘ओपा’, म्हणजे आजोबा. बाबांना जर्मनचा एक शब्द येत नव्हता आणि त्याला मराठीचा. तरी दहा वाजता बाबा आल्याचा चहा स्टीलच्या पेल्यात घेऊन जायचे, आणि दोघं खड्ड्याच्या कडेला बसून हातवारे करत बोलत राहायचे. तो दोरी ताणून उतार कसा काढतो हे बाबांनी मला दुपारी जेवताना समजावून सांगितलं होतं. “हात बघ त्याचा एकदा,” म्हणाले, “दगड ठेवला की पुन्हा हलवावा लागत नाही.”

बुधवारी सकाळी त्याने मला खाली बोलावलं. गॅरेजपुढे खणताना चिकणमाती लागली होती. त्याने मूठभर माती उचलली, हातात वळून तिचा गोळा केला आणि दाबला. बोटांच्या फटीतून पाणी चकाकलं.

“शेफिन, इथे नाही गुट,” तो म्हणाला. “पाणी खाली नाही जात. हिवाळ्यात पाणी आइस. आइस मोठं होतं. दगड वर.” त्याने तळहात आडवा धरून हळूहळू वर उचलला.

“मग काय करायचं?”

“अजून खोल.” त्याने हात मांडीपर्यंत नेऊन दाखवला. “खाली पाइप, पाणी बाहेर. मग खडी, खूप खडी. खडीत पाणी नाही राहत.”

“किती दिवस लागतील?”

“खडी पुढच्या आठवड्यात. शेफ उरलाउबमध्ये आहे. येईल, मग मागवेल.” म्हणजे मालक सुट्टीवर होता.

मी त्याला सांगितलं की रविवारी आमच्याकडे पूजा आहे, चाळीस माणसं येणार आहेत, आणि आता आहे त्याच खडीवर काम पुरं करा. त्याने मान हलवली. नाही म्हणाला. बाकी सगळं ठीक, फक्त गॅरेजपुढे नाही.

“एका हिवाळ्यात काही होत नाही,” मी म्हणाले.

“एक हिवाळा पुरे, शेफिन.”

तेव्हा मी भरभर बोलायला लागले. लांबलचक वाक्यं, त्यात पोटवाक्यं, ऑफिसात वापरते ते सगळे शब्द. मी स्वतः इंजिनिअर आहे, मला दंव म्हणजे काय ते कळतं, मुदत ठरलेली होती, आणि या निर्णयाची जबाबदारी माझी. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. अर्धं त्याला कळलं नाही हे मला दिसत होतं, आणि त्याला कळू नये अशाच बेताने मी बोलत होते. शेवटचं मात्र कळलं. “जबाबदारी शेफिनची?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

बाबा शेजारीच उभे होते. “काय म्हणतोय तो?”

“काही नाही बाबा, काम वाढवून सांगतायत.”

“तसा दिसत नाही गं तो माणूस,” बाबा म्हणाले, आणि खड्ड्यातल्या मातीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. खाली बेल वाजली, बाबांनी दार उघडलं. जेवताना ते म्हणाले, “अगं, मिस्त्रीने एक कागद दिलाय. सही हवीय म्हणाला. म्हणजे, पेनाची खूण करून दाखवली त्याने. मी चमच्यांच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.”

संध्याकाळी मी तो वाचला. फर्मचा रोजच्या कामाचा छापील कागद होता, त्यावर वेड्यावाकड्या अक्षरात चार ओळी. व्याकरण सगळं चुकलेलं, अर्थ लख्ख. गॅरेजपुढे चिकणमाती आहे. दंव आलं तर फरशी वर येईल. मी सांगितलं. ग्राहक म्हणते जास्त खोल नको. खाली सहीसाठी रेघ. असा कागद माझ्या हाताखालच्या माणसाने केला असता तर मी त्याचं कौतुक केलं असतं. मी तो परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

शुक्रवारी निघताना त्याने विचारलं, “कागद?”

“सोमवारी,” मी म्हणाले. सोमवारी तो दुसऱ्या गावात दुसऱ्या कामावर होता, हे मला आधीच माहीत होतं.

रविवार छान झाला. करडे दगड, कडेला गडद पट्टी, त्यावर रांगोळी. टॅब्लेटवर गुरुजी, वाळूच्या ट्रेमध्ये हवनकुंड, आणि माझ्या बॉसची बायको साडी नेसून फोटो काढत होती. अंगण फार सुंदर झालंय असं मला त्या दिवशी कितीतरी जणांनी सांगितलं. बाबांनी पंगतीनंतर मला बाजूला घेऊन विचारलं, “मिस्त्रीला बोलावलं नाहीस?” ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी म्हटलं, “अहो बाबा, रविवारी ते लोक येत नाहीत.”

ऑक्टोबरात बाबा परत गेले. जानेवारीत दोन आठवडे कडक थंडी पडली, त्याआधी आठवडाभर पाऊस होता. एका सकाळी गॅरेजचं दार अर्ध्यात अडकलं. दारापुढचे दगड पोट फुगल्यासारखे वर आले होते, काही तिरके, मधल्या फटी बोट जाईल एवढ्या. नवरा टॉर्च घेऊन ओणवा होऊन बघत होता. “हे काय झालंय! वॉरंटीत आहे ना? तू लिही त्यांना, तुझं रोजचंच काम आहे ते.” त्याला बुधवारचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

त्याच वेळी सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढले आणि पुरवठादारांना लिहिते तसा मेल लिहिला. दोष काय, कुठे, किती, आणि दुरुस्तीची मुदत. लिहिताना हात जराही अडखळला नाही.

फेब्रुवारीत फर्मचा मालक स्वतः आला. साठीचा, उंच, शांत माणूस. मागून मिस्त्री आला, टोपी हातात घेऊन. मला बघून त्याने मान लववली. मालकाने चार दगड काढले, खालची खडी उकरली, लोखंडी सळई घालून खोली पाहिली. मग उभा राहून त्याला विचारलं, “इतकं कमी का?”

“मी सांगितलं,” तो म्हणाला. “शेफिन म्हणाली नको.”

मालक माझ्याकडे वळला. “खरं आहे का?”

“खोली किती असावी हे मी कसं ठरवणार?” मी म्हणाले. “त्यातले जाणकार तुम्ही आहात.”

“कागद,” तो म्हणाला. “मी कागद दिला. ओपाला दिला.”

“कसला कागद?” मालकाने विचारलं.

“माझ्या सहीचा एखादा कागद तुमच्याकडे आहे का?” मी मालकाला विचारलं. त्याने नाही म्हटलं. “मग मला असा कागद काही आठवत नाही.”

मी उभी होते तिथून किचनची खिडकी दिसत होती. ड्रॉवर त्या खिडकीखालीच होता.

तो माझ्याकडे बघत राहिला. तो चिडेल, ओरडेल, असं मला वाटलं होतं. तो शब्द शोधत होता. त्याचे ओठ हलत होते, एकदा हात वर आला आणि पुन्हा खाली गेला. मनात सगळं स्वच्छ आहे, समोरचा वाट बघतोय, आणि भाषा सापडत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी स्वतः त्यातून गेले होते. मी त्याला मदत करू शकत होते. त्याला काय म्हणायचंय ते त्या अंगणात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी गप्प राहिले. शेवटी तो “ओपा” एवढंच पुन्हा म्हणाला.

“गेनुग,” मालक त्याला म्हणाला. पुरे. आणि मग त्याने माझी माफी मागितली. त्याच्या माणसाने माझ्यावर असं ढकलायला नको होतं, म्हणाला. बर्फ सरलं की सगळं उकरून नव्याने करून देऊ. त्याने माझा हात हातात घेतला. मी घेऊ दिला.

ते गेल्यावर मी ड्रॉवर उघडला. कागद होता. मी तो फाडला नाही, पण त्यात चांगुलपणा काही नव्हता. फाडला असता तर तो होता हे मला स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. मी त्यावर टेबलक्लॉथ ठेवले.

मार्चमध्ये एका रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. फरशी वर आल्याचं आणि फर्म ती परत करून देणार असल्याचं त्यांना नवऱ्याकडून कळलं होतं.

“त्याने हाताने दाखवलं होतं तसंच झालं की गं,” बाबा म्हणाले. “त्याच्यावर काही आलं नाही ना? तो कागद होता म्हणून बरं. दाखवलास ना मालकाला?”

“हो बाबा.”

“बरं झालं. मला तीच काळजी लागली होती.”

त्यांना खरंच हायसं वाटलं होतं. खुर्चीत ते जरा मागे टेकले. मी काहीतरी निमित्त काढून फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. मालकाशी बोलताना मला स्वतःला समजावता आलं होतं की हा व्यवहार आहे, प्रत्येक जण आपली बाजू धरतो. बाबांच्या बाबतीत असलं काही सुचेना.

एप्रिलमध्ये काम सुरू झालं. दोन अनोळखी माणसं आली, त्यांनी गॅरेजपुढे मांडीइतकं खोल खणलं, पाइप टाकला, खडी थराथराने दाबली. तिसऱ्या दिवशी मालक बघायला आला. मी त्याला विचारलं, “आधी जे होते ते कुठे आहेत?”

“गेला तो,” मालक म्हणाला. “मी त्याला आबमानुंग दिली, लेखी ताकीद. अकरा वर्षांत पहिली. चूक होते, पण चूक झाकायला ग्राहकाबद्दल खोटं बोलायचं नाही असं मी त्याला सांगितलं. त्याने सही केली आणि महिनाअखेरीस सोडून गेला.”

मी आत गेले. टेबलक्लॉथ काढले, कागद घेतला, बाहेर येऊन मालकाच्या हातात दिला. विचार केला असता तर कदाचित दिला नसता. त्याने चष्मा लावला, वाचला, उलटून मागे काही आहे का ते पाहिलं, आणि पुन्हा वाचला.

“हा केव्हापासून आहे तुमच्याकडे?”

“ऑगस्टपासून. ते खरं बोलत होते. मीच नको म्हटलं होतं.”

तो खड्ड्याकडे वळला. “मी त्याच्या तोंडावर त्याला खोटारडा म्हणालो,” तो म्हणाला. ते मला उद्देशून नव्हतं. मी म्हटलं, या दुरुस्तीचा सगळा खर्च आमचा. त्याने नुसतं “जा” म्हटलं, म्हणजे हो. मी मिस्त्रीचा नंबर मागितला. तो देता येणार नाही, म्हणाला, पण पत्र लिहिलंत तर पोचवीन. कागदाची नीट घडी करून त्याने खिशात ठेवली आणि हात न मिळवता गाडीकडे गेला. इथे लोक भांडूनसुद्धा हात मिळवून निघतात.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, “मला आधीच का नाही सांगितलंस?” आणि थोड्या वेळाने, “बाबांना मात्र सांगू नकोस. त्यांना सहन नाही व्हायचं.” त्याचं ते वाक्य मला सोयीचं वाटलं, आणि मी ते धरून बसले.

मिस्त्रीला पत्र लिहिलं. सोप्या जर्मनमध्ये लिहायला मला तीन दिवस लागले. उत्तर आलं नाही. मेमध्ये ऑफिसला जाताना शेजारच्या गावात, बसस्टॉपपाशी, तो मला दिसला. अंगात दुसऱ्याच फर्मचं नारिंगी जॅकेट होतं, आणि ओणवा होऊन तो पदपथाचे दगड बसवत होता. सिग्नल लाल होता. तो माझ्यापासून दहा पावलांवर असेल. मी खिडकी खाली केली नाही, उलट मान दुसरीकडे वळवली. दुसऱ्या दिवसापासून मी द्राक्षमळ्यांकडून लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. दोन महिने जात होते.

जुलैत बाबा पुन्हा आले. आल्या आल्या बॅगा दारात ठेवून ते गॅरेजपुढे गेले, टाचेने दोन-तीन ठिकाणी दाबून पाहिलं.

“झकास केलंय मिस्त्रीने,” म्हणाले. “त्याला एकदा चहाला बोलव. मी त्याच्यासाठी कंदी पेढे आणलेत.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि बॅगा उचलून आत नेल्या. दोन दिवस मी टाळलं. तो सुट्टीवर असेल, म्हटलं. पेढ्यांचा बॉक्स फ्रीजच्या वरच्या कप्प्यात होता, आणि बाबा रोज त्याच्याकडे बघून विचारत, “लागला का फोन?”

तिसऱ्या दिवशी दुपारी ते डायनिंग टेबलापाशी गवार निवडत बसले होते. मी समोर बसले आणि सांगितलं. बुधवारी तो काय म्हणाला होता इथपासून, बसस्टॉपपर्यंत. गवार निवडणं थांबलं होतं, एक शेंग हातात तशीच होती.

“म्हणजे मी फोनवर विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस,” बाबा म्हणाले.

“हो.”

“आणि त्याने मला कागद दिला म्हणून सांगितलं, तेव्हा?”

“गप्प बसले.”

त्यांनी ती शेंग खाली ठेवली. “मी असायला हवं होतं. मला काही बोलता आलं नसतं गं, पण त्याच्या बाजूला उभा राहिलो असतो.”

मला रडू आलं. त्यांनी मला थोपटलं नाही, रागावलेही नाहीत. रडणं संपेपर्यंत बसून राहिले. मग विचारलं, “कुठे असतो तो, ठाऊक आहे का तुला?”

“हो.”

“मग उद्या जाऊ.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. बसस्टॉपपासून काम पुढे सरकून आता शाळेच्या फाटकापर्यंत आलं होतं. जेवणाची सुट्टी होती. चारजण कडेच्या दगडांवर बसून डबे खात होते. त्यातल्या मिस्त्रीने बाबांना पाहिलं आणि ब्रेड हातात घेऊनच उठला.

“ओपा!”

त्याने ग्लोव्हज काढून दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला. दोघं हसत होते. मग बाबांनी हात सोडवून घेतला, बॉक्स माझ्याकडे दिला, आणि त्याच्यापुढे हात जोडले.

“मिस्त्री, आमच्या घरातून चूक झाली,” ते मराठीत म्हणाले. “माफ करा.”

‘सुनेकडून’ असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी मान खाली घातली होती. सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यात आपल्या कामात कुणाला खोट काढू दिली नाही असा, त्या रस्त्यावर माझ्यासाठी वाकून उभा होता, आणि मी बॉक्स धरून तीन पावलं मागे. शब्द एकही कळला नसला तरी त्याला सगळं कळलं. तो “नाइन, नाइन, ओपा” म्हणत बाबांचे जोडलेले हात सोडवायला लागला. त्याचे सोबती खाणं थांबवून बघत होते.

मग मी पुढे झाले. रात्रभर जुळवलेलं वाक्य होतं: तुम्ही खरं बोललात, मी खोटं बोलले, त्यामुळे तुमचं काम गेलं, मला माफ करा. मी ते त्याच्या सोबत्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

“पत्र मिळालं,” तो म्हणाला. “माझ्या बायकोने वाचून दाखवलं. शेफिन फार छान जर्मन लिहिते.”

ते कौतुक होतं की दुसरं काही, हे मला आजही कळलेलं नाही. त्याचा चेहरा साधाच होता. मग त्याने सांगितलं, जुना शेफ घरी येऊन गेला, बिअरचा क्रेट घेऊन. परत ये म्हणाला. “मी नाही गेलो. इथे पण गुट.” माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि नाही केलं असंही म्हणाला नाही. त्याने माझ्या हातातला बॉक्स घेतला, उघडून वास घेतला आणि सोबत्यांना बोलावलं.

बाबा त्यांच्यात कडेच्या दगडावर बसले. पाचही जणांनी पेढे खाल्ले. तो बाबांना नवीन फरशीचा उतार दाखवत होता, बाबा बोटाने सांधे चाचपून बघत होते. मी गाडीपाशी उभी होते. मला कुणी बस म्हटलं नाही आणि मीही आपणहून गेले नाही. अर्ध्या तासाने सुट्टी संपली.

परतताना बाबा खिडकीबाहेर बघत होते. घर आल्यावर म्हणाले, “भात टाक थोडा, भूक लागलीय.” त्या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. माझ्याशी वागणं तेच राहिलं, ‘बाळ’ म्हणणंही. फक्त त्या मुक्कामात दोनदा ते नवऱ्याला घेऊन त्या शाळेपाशी गेले, आणि दोन्ही वेळा मला चल म्हणाले नाहीत.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. अंगण जिथल्या तिथे आहे, गॅरेजचं दार एका बोटाने उघडतं. पाहुणे आले की विचारतात, कुणाकडून करून घेतलं? मी फर्मचं नाव सांगते आणि विषय बदलते. ऑफिसला मी आता गावातल्याच रस्त्याने जाते. कधी कुठल्या कोपऱ्यावर ते नारिंगी जॅकेट दिसलं तर गाडी हळू करून हात करते. कधी तो मान हलवतो. कधी तो दगडांवर ओणवा असतो आणि वर बघत नाही.